बुडालेल्या रोजाचं पान

*ताईंना नमस्कार. आम्ही खाडीकाठच्या ३४ जणी. ओहोटीला तिसऱ्या, मुळे, कालवं काढायची आणि तालुक्याच्या बाजारात विकायची, हा आमचा धंदा. पूर्वी खर्च वजा जाता दिवसाला साडेतीनशे सुटायचे. गेली चार वर्षं वरच्या कारखान्याचं पाणी खाडीत येतं. तिसऱ्या मरतात, पाय खाजतात, गिऱ्हाईक म्हणतं मालाला औषधाचा वास येतो. आम्ही तालुक्याला नऊ खेपा घातल्या, दर खेपेला पाच जणी. दोन दिवस सगळ्याजणी रस्त्यावर बसलो. आता कंपनीचे साहेब घरी येऊन गेले. सीएसआरमधून महिलांना हॉल बांधून देतो आणि १५ शिलाई मशीन देतो म्हणतात. मिळून दहा लाखांचं काम, समितीने फक्त एक पत्र द्यायचं. गावकीचे पुरुष म्हणतात घ्या. आमच्यातल्या ११ जणीही म्हणतात घ्या, घरी आलेल्या लक्ष्मीला नाही म्हणू नये. माझी पुतणी अमेरिकेत आहे, ती मैत्रिणींकडून दोन लाख जमवून माझ्या खात्यावर पाठवते म्हणाली. मुंबईची एक संस्थाही फंड द्यायला तयार आहे, पण अर्जात 'महिला सक्षमीकरण' लिहा, रास्ता रोको लिहू नका, असं सांगते. समितीच्या डब्यात आज ४,१६० रुपये आहेत. कोणाचे घ्यावेत? की कोणाचेच नकोत? नाव छापू नका, गाव लहान आहे.*

खाडीकाठच्या ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि सवयीने पेन्सिल घेऊन बेरीज करायला बसले. बँकेतली नोकरी सांभाळून बावीस वर्षं मी कष्टकरी बायकांच्या एका संघटनेची वही लिहिली. त्यामुळे कोणी भावना सांगायला लागलं तरी माझं लक्ष आधी आकड्यांकडे जातं. तुम्ही दहा लाख लिहिलेत, दोन लाख लिहिलेत, ४,१६० लिहिलेत. एक रक्कम मात्र राहिली.

३४ जणी दोन दिवस रस्त्यावर बसल्या, ते ६८ रोज. नऊ खेपांना पाच पाच जणी गेल्या, ते ४५ रोज. एकूण ११३ रोज बुडाले. साडेतीनशेने गुणा. ३९,५५० रुपये होतात. त्यात एसटीचं भाडं नाही, झेरॉक्स नाही, मागे घरी पोरांना बघायला बसलेल्या म्हातारीचे श्रम नाहीत. तुमच्या लढ्याला आजवर मिळालेली सगळ्यात मोठी देणगी ही आहे. ती तुम्हीच दिलीत, म्हणून तिची पावती कोणी फाडली नाही.

(एसटीवरून आठवलं. २०२३च्या मार्चपासून बायकांना अर्धं तिकीट झालं, तेवढा आपला मोर्चा स्वस्त झाला. सरकारने ते चळवळीसाठी केलं नसणार, पण मी ते मनातल्या मनात जमेला धरते.)

आपल्याकडे हे नेहमीचंच आहे. गिरणगावात खानावळवाल्या बायका होत्या. खोलीत पंधरा-वीस गिरणी कामगारांचे डबे रांधायच्या. संप झाला की पगार थांबायचा, पण जेवण थांबायचं नाही, बायका उधारीवर वाढत राहायच्या आणि स्वतः सावकाराच्या दारात जायच्या. संपाच्या गोष्टीत पुढाऱ्यांची नावं येतात, युनियनची येतात. संपाला पैसा पुरवणाऱ्या म्हणून या बायकांचं नाव कोणी घेत नाही. प्रेमा पुरव यांनी त्यांची मोजदाद केली, त्यांना बँकेच्या दारापर्यंत नेलं आणि १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं राहिलं. तोवर त्या कुठल्याच कागदावर नव्हत्या.

म्हणून कोणाचे पैसे घ्यायचे हे ठरवण्याआधी एक वही आणा. दोनशे पानी, पुठ्ठ्याची. पहिल्या पानावर जमा-खर्च लिहू नका. तिथे ३४ नावं लिहा आणि प्रत्येकीसमोर तिचे बुडालेले रोज मांडा. याचा उपयोग काय ते पुढे सांगते.

आता साहेबांचा हॉल.

तुमच्या पत्रात एक वाक्य अगदी सहज येऊन गेलंय: 'समितीने फक्त एक पत्र द्यायचं.' ताई, दहा लाख हॉलचे नाहीत, त्या पत्राचे आहेत. हॉल बांधायला ग्रामपंचायतीचा ठराव लागेल, जागेचा उतारा लागेल. ज्या समितीने त्यांच्याविरुद्ध तक्रार केली आहे नेमकं तिचंच पत्र कशाला लागावं? पत्रात काय लिहायचं आहे ते त्यांनी सांगितलं नसेल तर विचारा. 'कंपनीच्या सहकार्याबद्दल आम्ही समाधानी आहोत' अशा अर्थाचं काही असेल, तर उद्या प्रदूषण मंडळात किंवा हरित लवादात, म्हणजे पर्यावरणाचे दावे चालतात त्या न्यायाधिकरणात, तेच पत्र तुमच्यासमोर ठेवलं जाईल.

आणि सीएसआर म्हणजे कोणाची दानत नव्हे. कंपनी कायद्यात कलम १३५ आहे, २०१४च्या एप्रिलपासून लागू झालं. ज्या कंपनीचा वर्षाचा नफा पाच कोटींच्या वर, किंवा उलाढाल हजार कोटींची, किंवा नक्त मालमत्ता ५०० कोटींची, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले दोन टक्के समाजकामावर खर्च करायचेच असतात. त्याच्या नियमांत एक ओळ आहे, ती कोणी तुम्हाला वाचून दाखवणार नाही: दुसऱ्या एखाद्या कायद्याने कंपनीवर जे काम बंधनकारकच आहे, त्याचा खर्च सीएसआरमध्ये धरता येत नाही. सांडपाणी शुद्ध करूनच सोडणं पाणी प्रदूषणाच्या कायद्याने बंधनकारक आहे, १९७४ पासून. म्हणजे खाडी स्वच्छ ठेवायचा खर्च एका खिशातला आणि हॉलचा खर्च दुसऱ्या. हॉल दिला म्हणून पहिल्या खिशातलं देणं फिटत नाही. दान वेगळं आणि भरपाई वेगळी, हे तुमच्या गावकीच्या पुरुषांना सांगा. शेताच्या बांधाच्या भांडणात त्यांना हा फरक बरोबर कळतो.

फुकट मिळालेल्या वस्तूचं एक उदाहरण सांगते, केरळचं. पालक्काड जिल्ह्यात प्लाचिमडा नावाची वस्ती आहे, बहुतेक आदिवासी आणि दलित. तिथे २००० साली कोकाकोलाचा कारखाना सुरू झाला. दोन वर्षांत विहिरींचं पाणी आटलं, जे उरलं ते तोंडात धरवेना, भात शिजेना. २२ एप्रिल २००२ला बायका कारखान्याच्या दारात मांडव घालून बसल्या. त्यांच्यातली मयिलम्मा नावाची आदिवासी बाई या लढ्याचा चेहरा झाली. याच काळात कंपनी आसपासच्या शेतकऱ्यांना कारखान्यातला गाळ खत म्हणून देत होती. फुकट. गरीब शेतकरी खताला नाही कशाला म्हणेल? २००३ साली बीबीसीने त्या गाळाची तपासणी करून घेतली, तर त्यात शिसं आणि कॅडमियम निघालं. केरळच्या प्रदूषण मंडळालाही कॅडमियम सापडलं आणि खतवाटप बंद करावं लागलं. कारखान्याच्या घाणीची विल्हेवाट लावायचा खर्च वाचला आणि वर उपकार झाले.

२००४च्या मार्चमध्ये तो कारखाना बंद पडला. मयिलम्मा २००७ साली गेली. राज्य सरकारच्या समितीने २०१० मध्ये नुकसानीचा आकडा काढला, २१६ कोटी. पुढच्या वर्षी विधानसभेने भरपाईसाठी लवाद नेमायचं विधेयकही मंजूर केलं, पण त्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली नाही. हे मी तुम्हाला घाबरवायला सांगत नाही. खत मिळायला अर्जसुद्धा करावा लागला नव्हता आणि भरपाई विधानसभेच्या ठरावानेही हाती आली नाही. सोपं काय आणि मोलाचं काय, ते यावरून ओळखा.

तुमच्या बाबतीत तर मुदतीचाही प्रश्न आहे. राष्ट्रीय हरित लवादाकडे भरपाई मागायची तर नुकसानीचं कारण पहिल्यांदा घडल्यापासून पाच वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो. तुम्ही म्हणता चार वर्षं झाली. हॉलचं भूमिपूजन, पायाभरणी, उद्घाटनाला कोण येणार याची चर्चा, यात पाचवं वर्ष कधी संपलं हे कळणारही नाही. साहेबांना ते कळत नसेल असं मला वाटत नाही.

लवाद म्हटलं की लाखो रुपये डोळ्यांपुढे येतात, म्हणून खर्च सांगते. नुसतं प्रदूषण थांबवा असा अर्ज असेल तर फी हजार रुपये. भरपाई मागितली तर मागणीच्या एक टक्का. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला ती माफ. आपल्या भागाचं खंडपीठ पुण्याला आहे. वकील? विधी सेवा प्राधिकरणाच्या १९८७च्या कायद्याप्रमाणे कोणत्याही स्त्रीला वकील फुकट मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समितीचं टेबल असतं, तिथे एक अर्ज द्यायचा. ही गोष्ट बायकांना कोणी सांगत नाही याचा मला दर वेळी नव्याने राग येतो. फुकटचा वकील ढिला निघू शकतो, हेही खरं. बदलून मागता येतो. प्रदूषण मंडळाने खाडीचे नमुने कधी घेतले, त्यात काय निघालं, हे माहितीच्या अधिकारात मागा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प आणि दोन रुपये पानाला. खरा खर्च दोनच गोष्टींना येईल: खाजगी प्रयोगशाळेत पाणी तपासायला काही हजार आणि पुण्याच्या खेपांना. डब्यातल्या ४,१६०मध्ये सुरुवात होते. या आठवड्यात विधी सेवेच्या टेबलापर्यंत जा, बाकीचं माझं पत्र नंतर वाचलंत तरी चालेल.

त्या ११ जणींबद्दल.

त्यांना फितूर म्हणू नका, मनातसुद्धा. खाडीतून पैसा येईनासा झाल्यावर शिलाई मशीन म्हणजे महिन्याचं वाणसामान असतं. तत्त्वाला नाही म्हणणाऱ्या बायका मी फार पाहिलेल्या नाहीत, पण उद्याच्या पिठाची सोय नसताना तत्त्व ऐकून घ्यायला जमत नाही कोणालाच. मशीनची गरज खरी आहे ना? मग ती समितीच्या विषयपत्रिकेवर घ्या. बचत गटातून कर्ज, सरकारच्या 'उमेद' अभियानातून काही, पंचायत समितीच्या महिला व बालकल्याणच्या योजना, जिथून मिळेल तिथून चार मशीन तरी उभ्या करा. हे काम त्या अकरांपैकीच दोघींकडे द्या.

आणि हॉल गावाला हवाच असेल तर समितीचा त्याच्याशी संबंध ठेवू नका. आपल्या ग्रामपंचायत कायद्यात ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची तरतूद आहे. ती लावा. तिथे असा ठराव मांडा: हॉल ग्रामपंचायतीने घ्यायचा की नाही ते ग्रामसभा ठरवेल, पण कंपनीने आधी लेखी द्यावं की या हॉलचा खाडीच्या तक्रारीशी काही संबंध नाही. त्यांनी तसं लिहून दिलं, तर हॉल खुशाल होऊ द्या. दिलं नाही, तर तुम्हाला कोणाला काही समजावून सांगायची गरज उरणार नाही.

पुतणीचं मन मोठं आहे, पण पैसे तुमच्या खात्यावर मुळीच नकोत. नातेवाइकाने घरखर्चाला पाठवलेले पैसे ही एक गोष्ट, मैत्रिणींकडून चळवळीसाठी जमवलेले पैसे तुमच्या बचत खात्यावर येणं ही दुसरी. परदेशी देणगीचा कायदा, ज्याला सगळे एफसीआरए म्हणतात, तो इथे आडवा येतो. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेली व्यक्ती, मग ती तुमच्या रक्ताची का असेना, कायद्याने परकी. तिच्याकडून देणगी घ्यायला संस्थेला केंद्राची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. नोंदणीसाठी संस्था किमान तीन वर्षं जुनी हवी आणि त्या काळात तिने १५ लाख खर्च केलेले असावे लागतात. पैसे उतरतात दिल्लीत स्टेट बँकेच्या एकाच शाखेत. तुमच्या ३४ जणींच्या डब्याला हे लागू व्हायला जन्म जाईल.

एक वाट आहे. पुतणीकडे अजून भारतीय पासपोर्ट असेल आणि ती स्वतःच्या कमाईतून, बँकेमार्फत पैसे देत असेल, तर ती परदेशी देणगी ठरत नाही. पासपोर्टची प्रत घेऊन ठेवायची, समितीचं खातं काढून त्यावर घ्यायचे. मैत्रिणींचे मात्र नाहीत, त्यांचं नागरिकत्व तुम्ही कुठे तपासत बसणार? कंपनीशी भांडणाऱ्या बायकांना अडकवायचं तर खाडीचा विषय कोणी काढत नाही, तुमच्या पासबुकातली एक नोंद पुरते. ती पुतणीची असू नये.

मुंबईच्या संस्थेला लगेच भित्री म्हणू नका. त्यांच्या सल्ल्यामागे कारण आहे. त्याच एफसीआरएच्या २०११च्या नियमांत बंद, हरताळ, रास्ता रोको, रेल रोको, जेलभरो करणाऱ्या संघटनांना 'राजकीय स्वरूपाच्या' ठरवायची सोय होती. एका संस्थेने ते सर्वोच्च न्यायालयात नेलं आणि मार्च २०२० मध्ये न्यायालयाने सांगितलं की पक्षीय राजकारणाचा हेतू नसताना लोकांच्या प्रश्नावर असं आंदोलन केलं, तर तेवढ्यावरून परदेशी निधी अडवता येणार नाही. निकाल लागला तरी भीती मुरलेली असते. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली आणि परदेशी पैसा एका संस्थेने दुसरीला देणंच बंद झालं. म्हणून त्यांना पहिला प्रश्न विचारा: तुमचा पैसा देशातला की बाहेरचा? बाहेरचा असेल तर तो त्यांना तुमच्या हातात ठेवताच येणार नाही. मग त्यांनी स्वतःच्या नावे प्रयोगशाळेचं बिल भरावं, एखादी पाण्याची जाणकार मुलगी चार दिवस पाठवावी. ते घ्या. आभार मानून घ्या.

देशातला असला तरी अर्जात रास्ता रोको लपवू नका असं माझं मत आहे. यात प्रामाणिकपणाचा मुद्दा आहेच, पण त्याहून मोठा मुद्दा भाषेचा. माझी चूक सांगते. नव्वदच्या दशकात आमच्या संघटनेला एका मोठ्या संस्थेकडून तीन वर्षांचा निधी मिळाला. ऑफिस झालं, जीप आली, दोघीजणींना पगार. अहवालात 'मोर्चा' लिहिलं की तिकडून फोन यायचा, म्हणून आम्ही 'जनजागृती कार्यक्रम' लिहायला लागलो. आधी नुसतं लिहायचो. दुसऱ्या वर्षी बायकाही म्हणायला लागल्या, 'ताई, पुढचा कार्यक्रम कधी?' पूर्वी ज्या एसटीने, डोक्यावर भाकरी बांधून यायच्या त्या जीप यायची वाट बघायला लागल्या. तिसऱ्या वर्षाअखेर निधी संपला, जीप परत गेली, आणि पुढच्या मोर्चाला चारशेच्या जागी साठ बायका आल्या. निधी देणाऱ्यांनी काही वाईट केलं नव्हतं. वही मी लिहीत होते. वर्गणीचं पान तीन वर्षं कोरं होतं आणि ते मला दिसलं नाही, कारण शिल्लक भरपूर होती.

तेव्हापासून पैसा चांगला की वाईट हा प्रश्न मी दुसऱ्या नंबरवर टाकला आहे. पहिला प्रश्न, हिशेब कोणासमोर वाचावा लागतो? साहेबांसमोर, की मुंबईच्या टेबलापाशी, की ओट्यावर बसलेल्या ३४ जणींसमोर? ज्यांच्यासमोर वाचावा लागतो त्यांच्या तोंडाकडे बघत आपण बोलायला लागतो.

बाहेरचा पैसा कधीच घेऊ नये असं मात्र नाही. भोपाळचं बघा. १९८४च्या डिसेंबरात वायू सुटला. नंतर सरकारने काही गॅसपीडित बायकांना सरकारी फायली, कागदाच्या वस्तू बनवायच्या कामाला लावलं. मजुरी तुटपुंजी. १९८६ मध्ये त्यातल्या रशीदा बी आणि चंपादेवी शुक्ला यांनी बायकांची युनियन बांधली. १९८९ साली शंभरेक बायका पोरं कडेवर घेऊन भोपाळहून दिल्लीपर्यंत चालत गेल्या. वायू सुटलेला कारखाना युनियन कार्बाइडचा, ती कंपनी पुढे डाऊने विकत घेतली. २००२ मध्ये या डाऊ कंपनीविरुद्ध त्यांनी झाडू हातात घेतला, 'झाडू मारो डाऊ को'. युनियन बांधल्यावर अठरा वर्षांनी, २००४ साली, दोघींना अमेरिकेतला गोल्डमन पुरस्कार मिळाला, सव्वा लाख डॉलर. त्यांनी तो घरी नेला नाही. त्यातून चिंगारी ट्रस्ट काढला, गॅस आणि विषारी पाण्यामुळे अपंग जन्मलेल्या मुलांसाठी केंद्र चालवलं आणि कंपन्यांशी लढणाऱ्या देशातल्या दुसऱ्या बायकांसाठी पुरस्कारही ठेवला. तो पैसा त्यांना बिघडवू शकला नाही, कारण तो आला तेव्हा त्यांची वही अठरा वर्षांची होती, आणि पुरस्काराबरोबर अर्जाचा नमुना नव्हता.

(त्याच डाऊचं संशोधन केंद्र चाकणजवळ शिंदे-वासुलीला होणार होतं, हे तुमच्यातल्या कोणाला आठवत असेल. गावकरी आणि वारकरी आडवे झाले, आणि शेवटी ते गेलं.)

पण भोपाळचीच दुसरी बाजू. तिथला संभावना दवाखाना गॅसपीडितांवर मोफत उपचार करतो. १९९४ मध्ये ब्रिटनच्या एका वृत्तपत्रात जाहिरात दिली गेली आणि हजारो साध्या माणसांनी पाठवलेल्या पैशातून तो उभा राहिला. कोणा कंपनीचा नाही, सरकारचा नाही, इतका सरळ पैसा. तरी परदेशी देणगीची नोंदणी गेली तेव्हा दवाखाना बंद पडायची वेळ आली. पैशात खोट नव्हती, पण नळाची चावी दुसऱ्याच्या हातात होती.

तुम्हाला वाटत असेल, जगात एवढ्या मोठ्या संस्था आहेत, बायकांच्या नावाने परिषदा होतात, तो पैसा आमच्यापर्यंत का येत नाही? एका आंतरराष्ट्रीय स्त्रीवादी संघटनेने जगभरातल्या ७४० महिला संघटनांची २०१० सालची मिळकत मांडली होती. सगळ्यांची मिळून १० कोटी ६० लाख डॉलर भरली. त्याच वर्षी 'सेव्ह द चिल्ड्रन' या एकट्या संस्थेचं अंदाजपत्रक १४४ कोटी डॉलरचं होतं. तेव्हा रांग लांब आहे आणि खिडकी छोटी. रांगेत उभं राहायला हरकत नाही, पण घरची चूल पेटवून मग.

चूल अशी पेटते. ३४ जणींनी महिन्याला वीस वीस रुपये काढले तर वर्षाचे ८,१६० होतात. हसू नका. १९७४ साली अहमदाबादला 'सेवा' या कष्टकरी बायकांच्या संघटनेतल्या चार हजार जणींनी दहा दहा रुपयांचा शेअर घेऊन स्वतःची बँक काढली होती, कारण दुसरी कुठली बँक त्यांना उभी करत नव्हती. नेपाळात 'टेवा' नावाचा महिला निधी आहे. नेपाळी भाषेत टेवा म्हणजे आधाराचा टेकू. नव्वदच्या दशकात रीता थापा यांनी तो सुरू केला, तेव्हा परदेशी निधीवर चालणाऱ्या देशात त्यांनी शिकवलेल्या स्वयंसेविका दारोदार जाऊन नेपाळी माणसांकडेच छोट्या देणग्या मागत होत्या. लोक देतात. मागावं लागतं.

आणि तुमच्याकडे तर मुंबईचं ग्राममंडळ असणारच. कोकणातल्या कोणत्या वाडीचं नाही? देवळाच्या जीर्णोद्धाराला चाकरमान्यांकडून लाखाने वर्गणी निघते. शिमग्याला ते गावी येतील तेव्हा पालखी नाचवून झाल्यावर दोघींनी जाऊन वही दाखवा. हा त्या पहिल्या पानाचा उपयोग. मदत करा म्हणू नका. म्हणा, आम्ही ३९,५५० घातले, तुम्ही किती घालता? खाडीची कालवं डब्यात भरून त्यांनाही मुंबईला न्यायची असतात.

समितीबाहेर पैसे मागायला लागलात की दोन-तीन गोष्टी नीट करा. नोंदणी नसलेल्या मंडळाला लोकांकडून वर्गणी जमवायची तर धर्मादाय कार्यालयाची कलम ४१ क खाली परवानगी घ्यावी लागते. गणपती मंडळं दर वर्षी घेतात, कोणालाही विचारा. बचत गटाच्या खात्यातून लढ्याचा एक रुपयाही हलवू नका. गटाचे पैसे कर्जाचे आणि व्याजाचे, ते मिसळले की उद्या गटावरच बोट ठेवतील. समितीचं खातं तीन जणींच्या सहीचं असू द्या, त्यातली एक त्या अकरांपैकी. नोंदणीची एवढ्यात घाई नको. सात जणी मिळून संस्था नोंदवता येते, पण मग दर वर्षी ऑडिट, बदल अर्ज, आणि तालुक्याऐवजी धर्मादाय कार्यालयाच्या खेपा. एक वर्ष वही चालवून बघा.

खर्चाच्या बाजूला एक नवीन रकाना आखा, 'रोज'. पुण्याला जाणाऱ्या बाईला भाड्याबरोबर अर्धा तरी रोज डब्यातून द्या, पावणेदोनशे रुपये. कोणी म्हणेल, चळवळीत मजुरी कसली? ज्यांच्या घरी दुसरी कमाई आहे त्याच बायकांना फुकट चळवळ परवडते. विधवा, एकट्या, नवरा दारूत गेलेल्या बायका तिसऱ्या खेपेपासून गळायला लागतात, आणि मग समितीत तुम्हा चार-पाच जणीच उरता. तुमच्याकडून दर खेपेला गेलेल्या पाच जणी कोण होत्या, बघा बरं. त्याच त्या असतील अशी मला शंका आहे.

तर माझं उत्तर: साहेबांना पत्र नाही. पुतणीला पासपोर्ट विचारा. मुंबईकडून प्रयोगशाळेचं बिल. बाकी डबा.

पुढच्या बैठकीत हॉलचा विषय शेवटी ठेवा. आधी वही काढा आणि रोजांचं पान मोठ्याने वाचा, नाव घेऊन, आकडा सांगून. त्या ११ जणींची नावंही त्याच सुरात वाचा. त्याही दोन दिवस उन्हात बसल्या होत्या, त्यांचेही प्रत्येकी सातशे आहेतच. वाचून झालं की त्या पानाचा फोटो मला पाठवा. बेरीज मी तपासून देते.